प्रकल्प नोंदी: जळगावच्या उन्हाळ्यात टिकतील असे झुंडीने राहणारे लहान मासे

१२ ऑक्टोबर. जागा आणि टँक

अभ्यासिकेचा तळमजल्यावरचा हॉल. टँक उत्तरेच्या भिंतीला ठेवायचा ठरलं. पश्चिमेची भिंत दिसायला सोयीची होती, पण आपल्याकडे ती मार्चपासून जूनपर्यंत दुपारी तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. त्या भिंतीजवळच्या पाण्याला रात्रीचा गारवा मिळतच नाही.

माप: ३६ × १५ × १८ इंच, काच ८ मिलिमीटर. पूर्ण भरला तर साधारण १५९ लिटर. तळाची वाळू आणि वरची दीड इंच मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी १३० लिटर. पुढचे सगळे हिशेब १३० वर. पाणी, काच आणि वाळू मिळून वजन १९० किलोच्या आसपास, म्हणून लोखंडी अँगलचा स्टँड, वर प्लाय, प्लायवर थर्माकोलची शीट. लेव्हल बाटलीने तपासल्याशिवाय काच ठेवायची नाही. एका कोपऱ्याखाली २ मिलिमीटरची फट राहिली तरी ताण सिलिकॉनच्या जोडावर येतो.

उंच टँकपेक्षा लांब टँक घेतला, कारण झुंडीचे मासे आडवे पोहतात आणि हवेचा ऑक्सिजन वरच्या पृष्ठभागातून विरघळतो. उन्हाळ्यात हाच पृष्ठभाग कामी येणार आहे.

१९ ऑक्टोबर. पाणी मोजलं

इमारतीच्या वरच्या टाकीत दोन पाणी एकत्र होतात: नळाचं (वाघूर धरणाचं) आणि बोअरचं. हिवाळ्यात नळाचं जास्त, एप्रिलनंतर बोअरचं जास्त. माशांच्या दृष्टीने ही गोष्ट वाईट, कारण नळ तोच राहतो आणि पाणी बदलतं. म्हणून टाकीतलं पाणी वापरायचं नाही, दोन्ही वेगवेगळं घ्यायचं.

नळ: जीएच (एकूण कडकपणा, अंशांत) ९, केएच (कार्बोनेटचा कडकपणा, पीएच स्थिर ठेवणारा) ७, पीएच ७.६. बोअर: जीएच २६, केएच १७, पीएच ७.९.

बोअरचा पीएच पाणी उपसल्याबरोबर मोजला तर तो कमी दिसतो. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, तो निघून गेला की आकडा चढतो. बादलीत एअरस्टोन लावून २४ तास ठेवल्यावर आलेलं रीडिंग खरं धरायचं. टीडीएस पेन एकूण क्षार सांगतं, कडकपणा सांगत नाही. जीएच थेंबांच्या किटनेच मोजावा. जीएचचा १ अंश म्हणजे साधारण १८ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम).

लक्ष्य: जीएच १२, वर्षभर तेवढाच. बोअर ६० लिटर आणि आरओ ७० लिटर मिसळून तो साडेबारापर्यंत येतो. आरओचं पाणी म्हणजे गल्लोगल्ली मिळणारे २० लिटरचे जार. दोन सूचना. जार थंड करून येतात, त्यामुळे पाणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचं. आणि दर वेळी टीडीएस बघायचा, ५० च्या आत हवा. मेम्ब्रेन खराब झालेल्या प्लांटचा जार चवीवरून ओळखता येत नाही.

पीएच उतरवायची औषधं घेतली नाहीत. केएच एवढा असताना अ‍ॅसिड टाकलं तर पीएच रात्रीत पुन्हा वर जातो आणि माशाला रोजची ये-जा सोसावी लागते. स्थिर ७.८ हा हलत्या ७ पेक्षा बरा.

२ नोव्हेंबर. वाळू, दगड, वनस्पती

नदीची वाळू १ ते २ मिलिमीटर जाडीची, चाळून, पाणी निवळेपर्यंत धुऊन. तिच्यात चुनखडीचे पांढरट खडे हमखास असतात, काळ्या मातीच्या खालचा तो थर पुरात वाळूत मिसळतो. मूठभर वाळूवर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे काही थेंब टाकले (हातमोजे घालून, उघड्यावर). फेस आला तर ती वाळू जीएच आणि केएच वाढवत राहणार. लिंबाचा रस यासाठी कमजोर पडतो. पहिल्या पोत्यातल्या वाळूला फेस आला, ते परत केलं. दुसऱ्यातली टिकली. दगड साधा काळा बसाल्ट. तो पाण्यात काही सोडत नाही. संगमरवराचे पांढरे तुकडे दुकानात सगळ्यात आधी पुढे केले जातात. ते टाळावेत, तीही चुनखडीच.

वनस्पतींमध्ये मागच्या बाजूला वॅलिस्नेरिया, कारण ती कडक पाण्यातला बायकार्बोनेट वापरू शकते आणि इथे जोमाने वाढते. दगडांवर अनुबियास आणि जावा फर्न दोऱ्याने बांधले. त्यांचा आडवा जाड खोड-कंद वाळूत पुरला तर कुजतो. पुढचा अर्धा भाग पोहायला मोकळा. प्रकाश टायमरवर ७ तास.

फिल्टर हँग-ऑन (काचेच्या कडेला टांगायचा), ताशी ७०० लिटरचा, म्हणजे तासाला साधारण पाच फेरे. त्याच्या जोडीला एक स्पंज फिल्टर, बॅटरीवर चालणाऱ्या एअर पंपावर. वीज गेल्यावर बंद हँग-ऑनमधले, पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू काही तासांत ऑक्सिजनवाचून मरू लागतात आणि वीज आल्यावर तो कुजका साठा टँकमध्ये येतो. स्पंज चालू राहिला तर निम्मी फौज तरी शाबूत राहते.

४ नोव्हेंबर. सायकल सुरू

सायकल म्हणजे माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढवणं. मासे न टाकता. अमोनियासाठी नवसागर, पण कल्हईवाल्यांकडचा नाही, रासायनिक दुकानातला शुद्ध. १३० लिटरला २ पीपीएम अमोनियासाठी ०.८ ग्रॅम. तापमान २८. जुन्या, निरोगी टँकमधल्या स्पंजचा पिळा फिल्टरमध्ये टाकला. त्याने आठवडे वाचतात.

२३ नोव्हेंबर. मासे कोणते: निवडीची मोठी नोंद

दुकानातल्या काचेपुढे उभं राहून मासा निवडला की रंग जिंकतो. इथे आधी पाण्याचा वर्षातला सर्वांत वाईट काळ ठरवला आणि मग त्याला टिकणारा मासा शोधला.

तो वाईट काळ मे महिना नाही. मे महिन्यात हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली तर पंख्याच्या झोतात पाणी तत्त्वतः २२ अंशांपर्यंत उतरू शकतं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरलं की ही खालची मर्यादा कळते. जूनच्या सुरुवातीला ढग येतात, हवा ३६ आणि आर्द्रता ६० टक्के होते, तेव्हा तीच मर्यादा २९ वर चढते. पंखा कितीही मोठा लावा, पाणी त्याखाली जाणार नाही. म्हणून कसोटी अशी: दोन आठवडे ३० अंश सोसणारा, जीएच १२ चालणारा, ५ सेंटिमीटरच्या आतबाहेरचा, शेजाऱ्याचे पर न कुरतडणारा.

निऑन टेट्रा पहिल्याच फेरीत बाद. त्याला २० ते २६ अंश मानवतात आणि पाणी मऊ लागतं. इथे उन्हाळ्यात त्याचं आयुष्य झपाट्याने आटतं. शिवाय व्यापारातल्या निऑनमध्ये प्लिस्टोफोरा या परजीवीचा रोग आढळतो. अंगावर फिकट पांढुरका डाग, रंगपट्टी तुटलेली, पोहणं वाकडं. त्यावर खात्रीचा उपाय नाही. कार्डिनल टेट्रा उष्णता सोसतो, २८-२९ त्याला सहज चालतात, पण तो मऊ, आम्ल पाण्यातला. रमी नोज टेट्रा तसाच, त्यात नायट्रेटला हळवा. मात्र फक्त आरओचं पाणी वापरून टँक जीएच ५ ला ठेवायची कोणाची तयारी असेल तर आमच्या मते खानदेशात निऑनऐवजी कार्डिनल घ्यावा.

टायगर बार्ब, सर्पे टेट्रा, विडो टेट्रा हे तिघे कुरतडे. टायगर बार्ब आठ-दहाच्या झुंडीत आपसात भांडून दमतात, तीन-चारच ठेवले तर एंजल किंवा गप्पीचे पर फाटलेच समजा. गुलाबी, हिरवे, चमकणारे ‘ग्लो’ टेट्रा म्हणजे जनुक बदललेले विडो टेट्राच, त्यामुळे स्वभावही तोच. सुईने रंग टोचलेले काचमासे अजून कुठे कुठे दिसतात, ते कोणीच घेऊ नयेत. टोचणीत अनेक मासे मरतात, उरलेल्यांना जखमेतून संसर्ग होतो आणि रंग काही महिन्यांत उडतो.

झेब्रा डॅनिओ हा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतला. ऋतूंचे मोठे चढउतार त्याने पिढ्यानपिढ्या पाहिले आहेत, कडक पाणीही चालतं. जारचं पाणी परवडत नसेल त्यांनी दहा-बारा झेब्रा घ्यावेत आणि निर्धास्त राहावं. आमच्या यादीतून तो दोन कारणांनी गेला. वर टाकलेलं अन्न तो तळाशी पोचूच देत नाही. आणि उन्हाळ्यात पंख्यासाठी झाकण उघडं राहणार, तेव्हा उडी मारणारा मासा नको. रोझी बार्ब कणखर आहे, पण थंड पाण्यातला, मोठा होणारा आणि कोवळी पानं खाणारा.

हर्लेक्विन रास्बोरा बराच वेळ यादीत होता. स्वभाव उत्तम, थवा घट्ट. मात्र मऊ पाण्यात तो जास्त खुलतो आणि २८ च्या वर फार दिवस नको. नळाचंच, जीएच ९ चं पाणी आणि गार खोली असेल तर तो घ्यावा. बटू रेनबो उष्णता आणि कडकपणा दोन्हींत बसतो, पण ३ फुटांत त्याची मोठी झुंड आखडते.

मुख्य झुंड: प्रिस्टेला, म्हणजे एक्स-रे टेट्रा. साडेचार सेंटिमीटर, पारदर्शक अंग, परांवर पिवळा-काळा-पांढरा पट्टा. अ‍ॅमेझॉन, ओरिनोको आणि गयानाच्या किनाऱ्याजवळच्या नद्यांतला. किनारी पाण्यातला क्षार सोसत असल्याने टेट्रांमध्ये कडक पाण्याला हा सगळ्यात सोयीचा. २४ ते २८ आरामात, थोडे दिवस ३०. संख्या १४. सहा ही किमान संख्या लिहिली जाते, पण सहांत दोन-तीन भित्रे झाडामागे राहतात आणि उरलेल्यांचा थवा दिसत नाही. तीन जातींचे पाच-पाच घेण्यापेक्षा एका जातीचे चौदा घ्यावेत, या मुद्द्यावर आम्ही ठाम आहोत. भीती कमी झालेला मासा मधल्या मोकळ्या पाण्यात येतो, नीट खातो, आजारही कमी धरतो.

दुसरी जात चेरी बार्ब, श्रीलंकेतला. तो थव्याने कमी आणि झाडांच्या कडेकडेने जास्त फिरतो, त्यामुळे प्रिस्टेलाच्या जागेवर हक्क सांगत नाही. १० घ्यायचे, ३ नर आणि ७ माद्या. नर जास्त झाले की माद्यांचा पाठलाग थांबत नाही. नर लाल, मादी तपकिरी. दुकानदार लाल निवडून देतो, त्याला मुद्दाम तपकिरी मागायचे.

तळाला स्टेरबाय कोरीडोरास, ६. कोरींच्या बहुतेक जाती गार पाण्यातल्या, मिरपुडी रंगाचा पॅलिएटस तर आपल्या उन्हाळ्यात नकोच. स्टेरबाय २८ अंशांना रमतो.

एंजल नाही. मोठ्या एंजलच्या तोंडात मावतो तो मासा त्याचं अन्न असतो. गप्पी नाहीत, कारण पिल्लांनी टँकचा हिशेब दोन महिन्यांत कोलमडतो.

१४ डिसेंबर. सायकल पूर्ण

२ पीपीएम अमोनिया २४ तासांत ० आणि नायट्राइटही ०. नायट्रेट ८० च्या वर गेला होता, ६० टक्के पाणी बदललं. मासे येईपर्यंत दर दोन दिवसांनी १ पीपीएम नवसागर चालू, नाहीतर वाढवलेले जिवाणू उपाशी मरतील.

इथे घाई का नको, त्याचं कारण पाण्यातच आहे. अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ आणि २५ अंशांना जेमतेम अर्धा टक्का असतो. पीएच ८ आणि ३० अंशांना तो साडेसात टक्के, म्हणजे तेरा पट. किटमध्ये तोच ०.५ दिसेल, पण मऊ पाण्यातला मासा तो सोसून जाईल आणि आपल्याकडचा तोंड वर काढून धापा टाकेल.

२८ डिसेंबर. हीटर

रात्री हवा ९-१० अंश, बंद हॉलमध्ये पाणी १९. हीटर १५० वॅट, २५ वर. फिल्टरच्या झोतात, आडवा. पाणी काढताना प्लग काढायचाच, उघडा पडलेला गरम हीटर पाणी लागताच तडकतो.

१८ जानेवारी. प्रिस्टेला आले, क्वारंटाइनमध्ये

४० लिटरचा वेगळा टँक. त्यातला स्पंज मुख्य टँकमध्ये पिकवलेला. दुकानात मासे येऊन आठवडा झाला होता, समोर खाताना पाहिले, त्या काचेत एकही मेलेला नव्हता, मगच घेतले. पिशवी १५ मिनिटं तरंगत ठेवली, मग थेंबाथेंबाने ४५ मिनिटं टँकचं पाणी सोडलं. पिशवीतलं पाणी आत ओतलं नाही.

पिशवी रात्रभर प्रवास करून थेट आली असेल तर मात्र थेंबांची पद्धत उलटते. बंद पिशवीत श्वासाच्या कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरलेला असतो, म्हणून साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. तोंड उघडलं की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. अशा वेळी फक्त तापमान जुळवायचं, मासे जाळीने उचलून लगेच सोडायचे.

२५ जानेवारी. पांढरे ठिपके

तीन माशांच्या परांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके. प्रवासातल्या गारठ्यानंतर हे अपेक्षितच होतं, क्वारंटाइन त्यासाठीच असतो. तापमान दोन दिवसांत ३० वर नेलं, एअरस्टोन वाढवला, खडेमीठ लिटरला २ ग्रॅम, तीन हप्त्यांत विरघळवून. प्रिस्टेलाला हे चालतं. कोरी असते तर मीठ टाकलं नसतं. तळ रोज सायफन, कारण माशाच्या अंगावरून गळलेल्या गाठी तळाशी फुटून नवे परजीवी सोडतात. औषध किंवा मीठ लागू पडतं ते पाण्यात मोकळ्या पोहणाऱ्या अवस्थेवर, अंगावरच्या ठिपक्यावर नाही. म्हणून ठिपके दिसेनासे झाल्यावरही १० दिवस तेच चालू.

उन्हाळ्यात ओठांभोवती किंवा पाठीवर कापसासारखा पांढरा थर दिसला तर हा उपाय करू नये. तो बहुधा कॉलम्नॅरिस हा जिवाणूचा रोग असतो आणि तो उष्णतेत भडकतो.

१५ फेब्रुवारी

१४ प्रिस्टेला मुख्य टँकमध्ये. अमोनिया ०, नायट्राइट ०. नवसागर बंद.

८ मार्च

चेरी बार्ब आणि स्टेरबाय आपापल्या क्वारंटाइननंतर एकाच आठवड्यात दाखल. अन्न सकाळी आणि संध्याकाळी, दीड मिनिटात संपेल एवढंच. कोरींसाठी बुडणाऱ्या गोळ्या दिवे गेल्यावर. वरून उरलेलं कोरी खातील हा गैरसमज आहे, त्यात ते उपाशी राहतात. जिवंत ट्युबिफेक्स बंद, ते गटाराच्या गाळात वाढतात आणि रोग घेऊन येतात.

यानंतर मेअखेरपर्यंत नवा मासा नाही. ४० अंशांत दुचाकीवरून आलेली पिशवी घरी पोचेपर्यंत गरम झालेली असते.

१२ एप्रिल. पंखे

१२० मिलिमीटरचे दोन १२ व्होल्टचे पंखे, पृष्ठभागावर तिरका झोत, २८ अंशांना चालू होणाऱ्या कंट्रोलरवर. वर मच्छरजाळी ताणून. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल लागतात, १३० लिटर १ अंशाने उतरवायला ५४५. म्हणजे लिटरभर पाणी उडालं की तत्त्वतः चार अंशांहून जास्त उष्णता टँकमधून निघते. खोलीतून ती परत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात फरक कमी.

उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त जारचं पाणी. वाफ जाते, क्षार मागे राहतात. रोज ३ लिटर बोअरने भरले तर आठवड्याला जीएच ४ अंशांनी वाढतो आणि मे संपेपर्यंत प्रिस्टेलाही सोसणार नाही एवढा होतो. पंखे लावूनही उन्हाळ्यात मासे एकेक करून जातात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, दोष मात्र उन्हाला लागतो.

१७ मे

बाहेर ४४. हॉलमध्ये कूलर, खिडकी उघडी. पाणी २७.५. खिडकी बंद केली की ओलावा कोंडतो आणि पंख्यांचा उपयोग घटतो. पाणी दुपारी ३ ला आणि पहाटे ५ ला असं दोनदा मोजतो. फरक दीड अंशाच्या आत. बर्फाच्या बाटल्या वापरल्या नाहीत, त्यांनी तासाभरात तीन-चार अंशांचा झटका बसतो आणि बाटली वितळली की पाणी तेवढंच परत चढतं.

७ जून. कसोटीचा आठवडा

ढग, वारा नाही. हवा ३७, पाणी २९.८. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला ७.६. माशाची गरज उलट वाढलेली असते. स्पंज फिल्टर दिवसरात्र, हँग-ऑनची पातळी एक इंच खाली म्हणजे धार जोरात पडते. अन्न निम्मं, फक्त सकाळी, दिवे लागल्यावर दोन तासांनी. पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो, तेव्हा खायला द्यायचं नाही. आठवड्याचा २० टक्के पाणीबदल १० टक्क्यांचा, दोनदा.

प्रिस्टेला मोकळ्या पाण्यात, कल्ल्यांची गती वाढलेली, पण तोंड वर नाही. चेरी बार्ब सावलीत. स्टेरबाय हवा घ्यायला वर झेपावतात. अधूनमधून ते नेहमीचंच, कारण ते आतड्यातूनही हवेतला ऑक्सिजन घेतात. दर मिनिटाला जायला लागले तर ऑक्सिजन कमी पडतोय असं धरायचं.

५ जुलै. गढूळ पाणी

पाऊस पडला, पाणी २७ वर. पंखे बंद, झाकण परत. आता धोका नळाचा. धरणात गढूळ पाणी आलं की शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढतात. म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतर नळाचं पाणी टँकसाठी घ्यायचं नाही, बोअर आणि जार हेच मिश्रण चालू ठेवायचं. नळाचं घ्यावंच लागलं तर ड्रममध्ये एअरस्टोन लावून २४ तास ठेवायचं, ६० लिटरला १ ग्रॅम हायपो (क्लोरीन घालवणारं सोडियम थायोसल्फेट), गाळ बसल्यावर वरचंच पाणी काढायचं, केएच मोजायचा. तुरटीने तो खाली आलेला असतो. ४ च्या खाली दिसला तर त्यात थोडं बोअर मिसळायचं.